तुमच्या मोबाइल गेमसाठी सोशल नेटवर्क कसं निवडाल?

आमची गेम अगदी साधी. रावेरच्या मळ्यात केळीचे घड ट्रॅक्टरवर लादायचे आणि खड्डे चुकवत, माल न दाबता सावद्याच्या स्टेशनावर पोचवायचे. खेळ दोन मिनिटांचा. पण ‘माझा स्कोअर किती, तुझा किती’ हे दिसलं नाही तर पोरं दुसऱ्या दिवशी गेम उघडतच नाहीत. त्यासाठी लॉगिन, लीडरबोर्ड (स्कोअरची क्रमवार यादी), अचिव्हमेंट (टप्पा गाठल्याचे बिल्ले), मित्रांची यादी असं सगळं तयार देणारं नेटवर्क जोडावं लागतं. कोणतं जोडायचं, ते ठरवताना आम्ही बऱ्याच ठेचा खाल्ल्या.

आधी गरज लिहून काढा. केळीच्या गेमला लीडरबोर्ड आणि चार-पाच अचिव्हमेंट पुरल्या. ल्युडोसारखं समोरासमोर खेळायचं असेल तर मात्र डाव सांभाळणारा सर्व्हर लागतो आणि हिशेबच बदलतो. जुने व्हिडिओ बघून काम करत असाल तर जपून. गूगल प्ले गेम्स या गूगलच्या नेटवर्कची मल्टिप्लेअर (अनेकांनी मिळून खेळायची) सोय ३१ मार्च २०२० ला बंद झाली, तरी ती कशी जोडायची हे शिकवणारे धडे अजून सापडतात. आमचे दोन रविवार त्यातच गेले.

मग खेळणाऱ्याचा फोन बघा. आमच्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड, म्हणून २०१३ पासून असलेली गूगल प्ले गेम्स सेवा सरळ पडते. आयफोनसाठी ॲपलचं गेम सेंटर आहे, ते २०१० चं. दोन्ही वापरायला वेगळे पैसे नाहीत; डेव्हलपर खात्याची फी तेवढी भरायची, गूगलची एकदाच २५ डॉलर, ॲपलची दरवर्षी ९९. अडचण अशी की ही दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत. भुसावळचा अँड्रॉइडवाला आणि पुण्यातला त्याचा आयफोनवाला मावसभाऊ एकाच यादीत हवे असतील, तर दोन्हीकडे चालणारं मायक्रोसॉफ्टचं ‘प्लेफॅब’ किंवा ‘नकामा’ (Nakama) हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बघा. नकामा स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं, डेटा आपल्याच डेटाबेसमध्ये राहतो. पण सर्व्हरचं भाडं आणि रात्री दोनला तो बंद पडला तर उठणं, दोन्ही आपल्याकडेच.

लॉगिन कुणाच्या नावाने होतं, ते तपासा. ही गोष्ट आम्हाला आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) कळली. सुट्टीत घरात जमलेली पाच पोरं आबांच्या एकाच फोनवर खेळली. संध्याकाळी बघतो तर पहिल्या नंबरावर आबांचं नाव! आबा खुश, पण जिने तो स्कोअर केला ती पुतणी रडवेली. घरात फोन एक आणि खेळणारे पाच असतील, तर गेमच्या आतच टोपणनावाचे वेगळे खेळाडू तयार करायची सोय ठेवा, आणि निवडलेलं नेटवर्क ते चालू देतं का ते बघा. मुलांचं खरं नाव, फोटो, संपर्कयादी मागूच नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूलच धरलाय आणि त्याच्या डेटासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची तरतूद आहे. पैसे लावून स्पर्धा घेण्याचा विचार तर सोडूनच द्या, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने तो रस्ता बंद केलाय.

नेटवर्क बंद पडलं तर काय, हे आधीच विचारा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. ओपनफेंट हे अशा नेटवर्कांतलं एकेकाळचं मोठं नाव. २०११ मध्ये जपानच्या ग्री कंपनीने ते १० कोटी ४० लाख डॉलरला घेतलं आणि २०१२ संपायच्या आत गुंडाळलं. ॲमेझॉनने विकत घेतलेलं गेमस्पार्क्सही २०२२ मध्ये बंद झालं. आमच्या पहिल्या गेमचे स्कोअर अशाच एका छोट्या सेवेवर होते (नाव राहू दे). सेवा बंद होतेय असा मेल आला तेव्हा यादी उतरवून घ्यायची सोयच नव्हती. तेव्हापासून तीन गोष्टी पाळतो. प्रत्येक खेळाडूला आमचा स्वतःचा क्रमांक असतो, नेटवर्कचा नाही. स्कोअर पाठवणारा कोड एकाच फाइलमध्ये असतो, म्हणजे उद्या नेटवर्क बदललं तर तेवढी फाइल बदलायची. आणि महिन्याला एकदा सगळी यादी आपल्याकडे उतरवून घेतो. यादी उतरवूच न देणारं नेटवर्क कितीही चकाचक असलं तरी घेत नाही.

शेवटी एसटीत बसा. ऑफिसच्या वायफायवर सगळंच चालतं. आम्ही साधा फोन घेऊन रावेरहून पालच्या गाडीत बसतो. सातपुड्याचा चढ लागला की रेंज जाते, तिथे एक डाव खेळायचा, ॲप पूर्ण बंद करायचं आणि परत खाली आल्यावर उघडायचं. स्कोअर एकदाच चढला तर ठीक. एकदा आमचा तोच स्कोअर तीनदा चढला होता, म्हणून आता प्रत्येक डावालाही वेगळा क्रमांक देतो.