यलो बेल्टनंतरची पहिली फाईट

फाईटला उभं राहण्याआधी अंगावरचं काढून ठेवा. घड्याळ, अंगठी, कडं, मनगटावरचा धागा, मंगळसूत्र आणि हो, जोडवीसुद्धा. डोंबिवलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मी मोठ्यांची संध्याकाळची कराटेची बॅच घेते. तिथे मुलाला क्लासला सोडायला येता येता स्वतःसाठीही ड्रेस शिवून घेतलेल्या आया बऱ्याच आहेत, आणि जोडवी काढायची म्हटलं की दर वेळी तीच कुरकुर. किक मारताना जोडवी समोरच्याच्या पँटमध्ये अडकली की बोट पिरगळतं, म्हणून काढायचीच. हातापायाची नखं आदल्या रात्री कापून या. चष्मा बाकावर ठेवा.

सामानात पहिले पैसे माऊथगार्डवर घाला. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचं मिळतं, ते चालतं. किती वेळ पाण्यात ठेवायचं ते पाकिटावर लिहिलेलं असतं, अंदाजाने उकळत ठेवलंत तर त्याचा लगदा होतो. मग ग्लोव्हज आणि नडगी आणि पाऊल झाकणारे शिनगार्ड. पुरुषांनी ग्रोइन गार्ड, बायकांनी चेस्ट गार्ड. एक गैरसमज मात्र दारातच ठेवून या: ग्लोव्हज घातले म्हणजे जोरात मारायला मोकळीक मिळाली, असं नाही. ग्लोव्हजने तुमची बोटं आणि समोरच्याची कातडी वाचते. कवटीच्या आत मेंदू हलायचा तो हलतोच.

आम्ही कराटेच्या शोतोकान शैलीवाले, त्यामुळे आमच्याकडे एकदम मोकळी फाईट देत नाहीत. आधी गोहोन कुमिते: एकाने सांगून पाच पंच मारायचे, दुसऱ्याने पाच पावलं मागे जात ब्लॉक करायचे आणि शेवटी उलट एक पंच मारायचा. मग तीनचं, मग एकाचं, मग जियू इप्पोन, म्हणजे मोकळेपणी हलत, सांगून मारलेला एकच वार, आणि त्यानंतर जियू कुमिते म्हणजे खरी मोकळी फाईट. मोबाईलवर एमएमए बघून आलेल्या मुलांना हे सगळं शाळेच्या कवायतीसारखं वाटतं. वाटू दे. माझं स्पष्ट मत आहे की पहिले काही महिने फाईटमध्ये मारायला शिकायचंच नसतं. अंतर शिकायचं असतं.

अंतर मोजायचं असं. दोघांनी डावा पाय पुढे घेऊन कामाएत, म्हणजे लढायच्या पवित्र्यात, उभं राहायचं आणि पुढचे हात समोर आणायचे. ग्लोव्हजची टोकं एकमेकांना जेमतेम लागली, की समजा एका पावलात ग्याकू-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा पंच, पोचतो. त्याच्या बाहेर असाल तर खांदे सोडा, श्वास घ्या, बघा. आत शिरलात तर मारा, नाहीतर निघा. नवखा माणूस नेमका त्या सीमेवर रेंगाळतो, विचार करतो आणि विचार करता करता खातो.

यासाठी आम्ही एक व्यायाम करतो. दोघंही हात बेल्टमध्ये खोचतात. एकजण मनाला येईल तसा पुढे, मागे, बाजूला सरकतो, दुसऱ्याने फक्त पायांनी तेच अंतर राखायचं. मिनिटभरात पोटऱ्या बोलायला लागतात. पाय उचलून टाकू नका, घासत न्या. टाचा किंचित हलक्या. शहाबादी फरशीवर घाम सांडला असेल तर आधी पुसा, पडून मनगट मोडण्यापेक्षा फडकं मारलेलं बरं. हे जमलं की हात सोडवून घ्या आणि उघड्या तळव्याने एकमेकांचे खांदे आणि गुडघे शिवायचा खेळ खेळा. यात कुणाला लागत नाही, हसू येतं, आणि हसता हसता डोळे उघडे राहायला शिकतात.

डोळे हाच सगळ्यांचा अडसर. पंच येताना पापणी मिटते, मान वळते, आणि त्या क्षणी समोर काय चाललंय ते दिसतच नाही. जोडीदाराला सांगा, नाकापासून वीतभर अंतरावर हात थांबव, अगदी सावकाश. वेग हळूहळू वाढवत न्या. नजर त्याच्या हातांवर नको, गळ्याखालच्या हाडावर ठेवा. तिथून दोन्ही खांदे दिसतात, आणि पंच निघण्याआधी खांदा जरासा उचलला जातोच. किकच्या आधी वजन एका पायावर जातं. तुमचाही खांदा असाच चुगली करत असतो, तेव्हा आरशासमोर उभं राहून तो खाली ठेवायचा सराव करा.

हत्यारं दोनच घ्या: पुढच्या हाताची किझामी-झुकी आणि मागच्या हाताची ग्याकू-झुकी. स्पर्धेत डोक्यावरच्या किकला तीन गुण, धडावरच्या किकला दोन आणि पंचाला एकच, हे ऐकून सगळ्यांना किकच मारायच्या असतात. पण पाय कमरेच्या वर गेला की तुम्ही एका पायावर आहात, आणि समोरच्याला तेवढंच हवं असतं. मूठ बंद करताना अंगठा बाहेर, बोटांवर आडवा. वर काढून ठेवलात तर कुणाच्या तरी कोपरात अडकून मुरगळणार.

मागे सरळ दोन पावलं चालतात. तिसऱ्याला भिंत लागते. दोघांचाही डावा पाय पुढे असेल तर तुमच्या उजवीकडे, त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर सरका. त्याचा मागचा, जड हात तिथे सहज पोचत नाही.

श्वास कोंडू नका. अर्ध्या मिनिटात धाप लागते ती स्टॅमिना नसल्यामुळे कमी, दम कोंडल्यामुळे जास्त. प्रत्येक पंचाबरोबर आवाज करून सोडा. कियाई, म्हणजे ती आरोळी, लाजत घेतली तर तिचा उपयोग नाही.

आता कंट्रोल. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकची ७५ किलोवरील गटाची फायनल आठवा. सौदीचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. त्याची किक इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्याला अशी बसली की तो बेशुद्ध पडला. किक आवरली नाही म्हणून रेफ्रींनी हमेदीला बाद केलं आणि स्ट्रेचरवरून बाहेर नेलेल्या गंजजादेहला सुवर्ण मिळालं. बाकीच्या खेळांत असं घडलं असतं का, यावर आमच्या क्लासमध्ये अजून वाद होतात. मला त्यातलं एवढंच घ्यायचंय: इतक्या वरच्या पातळीवरही पाय वेळेत आवरता आला नाही, तर तुमच्या पहिल्या महिन्यात वेग निम्माच ठेवा. चेहऱ्याच्या अलीकडे थांबायचं, पोटावर ड्रेसला लागेल इतपतच.

पहिला जोडीदार नवखा नको. दोन नवखे समोरासमोर आले की दोघंही डोळे मिटून हात फिरवतात. ब्राऊन बेल्टवाल्या दादाला किंवा ताईला गाठा आणि सुरू व्हायच्या आधीच सांगा, "दादा, हळू घेऊया, माझी पहिलीच वेळ आहे." चांगला सीनियर लगेच मंद होतो. जो होत नाही त्याच्याबरोबर परत उभं राहू नका, आणि सरांना सांगा. यात तक्रार केल्यासारखं काही नाही. लागलं तर हात वर करा, थांबा. "काही नाही, काही नाही" म्हणत लढणं मोठेपणाचं नाही.

नाकातून रक्त आलं तर बसा, पुढे वाका, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरा. मान मागे टाकायची नाही. डोक्याला लागून गरगरलं, मळमळलं, डोकं ठणकायला लागलं, तर त्या दिवशीची फाईट संपली आणि डॉक्टरकडे जायचं, बेल्टची परीक्षा कितीही जवळ असो.

घरी गेल्यावर ग्लोव्हज बॅगेतून बाहेर काढा. पावसाळ्यात तर पंख्याखाली उलटे लटकवा. पुढच्या वेळी ते ग्लोव्हज कुणाच्या तरी नाकाजवळच थांबायचेत.