ब्रेकपॉइंट लागत नाही? आधी कोणती लायब्ररी लोड झाली ते बघा

रावेरच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी आम्ही वजनाच्या नोंदींचा प्रोग्राम लिहिला. काटा बदलला की त्याची बोली बदलते, म्हणून काट्याशी बोलणारा भाग वेगळ्या शेअर्ड लायब्ररीत, म्हणजे प्रोग्राम गरजेला उचलतो अशा कोडच्या स्वतंत्र फाइलीत ठेवला. मुख्य प्रोग्राम ती लिनक्सवर चालता चालता डीएलओपन या फंक्शनने उचलतो. एका सकाळी १८.४ किलोचा घड १८४ किलो दिसू लागला. बाहेर ट्रक भरायचे थांबले होते.

व्हीएस कोड या एडिटरमध्ये लायब्ररीच्या फाइलीत ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम जिथे थांबवायचा ती खूण ठेवली, तर लाल ठिपक्याऐवजी राखाडी पोकळ वर्तुळ आलं. सुरुवातीला ते तसंच असतं, कारण लायब्ररी अजून मेमरीत आलेली नसते. डीएलओपननंतरही ते राखाडीच राहिलं, तर मात्र शोध सुरू करायचा.

आधी लायब्ररी उणे जी (डीबगची माहिती ठेवा) आणि उणे ओ शून्य (ऑप्टिमायझेशन बंद) हे कंपायलरचे पर्याय देऊन पुन्हा बांधा. प्रोग्राम ओळीओळीने तपासणाऱ्या डीबगरला मात्र मुख्य प्रोग्रामच द्या, लायब्ररी एकटी चालत नाही.

मग डीएलओपनच्या पुढच्या ओळीवर थांबा. त्याने परत दिलेला पॉइंटर शून्य असेल, म्हणजे लोड फसलं असेल, तर लगेच चुकीचं कारण सांगणारा डीएलएरर छापा, मध्ये दुसरी डीएल हाक गेली की तो निरोप हातचा जातो. डीएलओपनला आरटीएलडी नाऊ (सगळी फंक्शनं लगेच शोधा) हा पर्याय द्यावा असं माझं ठाम मत आहे. आरटीएलडी लेझी दिलं की न सापडलेलं फंक्शन पहिल्यांदा हाक मारेपर्यंत दडून राहतं.

पॉइंटर ठीक असेल तर डीबग कन्सोलमध्ये डीबगरला थेट आज्ञा पाठवणारं उणे एक्झेक लिहून पुढे इन्फो शेअर्डलायब्ररी द्या. ही पायरी कधीच गाळू नका. लोड झालेल्या प्रत्येक फाइलीचा पूर्ण पत्ता (पाथ) इथे दिसतो, आणि डीबगची माहिती नसलेल्या फाइलीच्या ओळीत तारा असतो. आमच्या लायब्ररीसमोर तारा होता, आणि पत्ता बिल्ड फोल्डरचा नव्हताच! यूएसआर लोकलच्या लिब फोल्डरमध्ये पडून राहिलेली जुनी प्रत उचलली जात होती.

नावात तिरकी रेघ नसेल तर डीएलओपन ठरलेल्या फोल्डरांतच शोधतं. व्हीएस कोडच्या लाँच डॉट जेसन या सेटिंगच्या फाइलीत एलडी लायब्ररी पाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला बिल्ड फोल्डर द्या, किंवा डीएलओपनलाच पूर्ण पत्ता द्या. शोध कुठे कुठे गेला हे पाहायचं असेल तर एलडी डीबग या व्हेरिएबलची किंमत लिब्स ठेवून प्रोग्राम चालवा.

पूर्ण पत्ता दिला आणि वर्तुळ लाल झालं. एकेक ओळ पुढे गेलो. काट्याकडून आलेल्या अक्षरांतून फक्त अंक गोळा करणारा लूप दशांशाचा टिंब सोडून देत होता.