ओपीडीतल्या तीन मिनिटांत बिडी सोडवायला सुरुवात कशी करायची

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बाजाराच्या दिवशी ओपीडी तुडुंब भरते. एका पेशंटला तीन मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. पण तेवढ्यात बिडी सोडवायला सुरुवात होते, हे नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांना मी आवर्जून सांगते.

"बिडी ओढता का?" एवढ्यावर थांबू नका. "सकाळी उठल्यावर पहिली बिडी किती वेळाने?" हे विचारा. अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल तर नुसत्या समजावण्याने भागत नाही. निकोटिनचं च्युइंगम लागतं, तेही ४ मिलिग्रॅमचं. उशिरा पेटत असेल तर २ मिलिग्रॅमचं पुरतं. हार्ट ॲटॅक नुकताच येऊन गेला असेल किंवा बाई गरोदर असेल, तर आधी तज्ज्ञांना विचारा.

कॅन्सरचा धाक घालू नका. माणूस ज्या तक्रारीसाठी आलाय तिथेच बोट ठेवा. "काका, हा दम बिडीनं लागतोय. बिडी सुटली तर औषधाला गुण येईल." मग बिडी सोडायची पंधरवड्यातली एक तारीख त्यांच्याच तोंडून वदवून घ्या आणि केसपेपरवर लिहा.

गम देताना मी समोरच एक चावायला लावते. हळूहळू चावायचं, जीभ चुरचुरली की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मध्ये ठेवायचं. चव ओसरली की पुन्हा चावायचं. असं अर्धा तास. भराभर चावलं तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते, आणि "मानवत नाही" म्हणून पाकीट फळीवर पडतं. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा बंद, कारण चहाने निकोटिन नीट शोषलं जात नाही. चहा-बिडीची जोडी घट्ट असते, म्हणून हे मी दोनदा सांगते.

पहिला आठवडा सर्वांत कठीण. चिडचिड होते, झोप उडते. घरच्यांनाही हे आधीच सांगून ठेवा. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ पाणी प्यावं, जागेवरून उठावं. बिडी सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी आशाताईंना पेशंटच्या घरी पाठवा. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा, मोफत आहे, नंबर केसपेपरवरच लिहून द्या.

परत ओढली तर रागावू नका. कुठे, कोणासोबत ओढली ते विचारा आणि नवी तारीख लिहा. आणि प्रत्येक फेरीला तंबाखू-मशेरीचंही विचारा. बिडी सुटलेला माणूस कधीकधी तंबाखू मळायला लागतो, आणि आपण विचारल्याशिवाय सांगत नाही.