वर्गात आदिवासी गोष्टी आणताय? या चुका टाळा

जव्हार तालुक्यातल्या शाळेत रुजू झाले त्या पहिल्याच महिन्यात एकदा परिपाठातली बोधकथा बाजूला ठेवली आणि पोरांना म्हटलं, "तुमच्या घरी सांगतात ती गोष्ट सांगा." एकही तोंड उघडेना. मी मनात म्हटलं, यांच्याकडे आता गोष्टी उरल्याच नाहीत. ही माझी पहिली चूक. बाकीच्या बऱ्याचशा हिच्याच पोटी जन्मल्या.

पोरं गप्प बसतात त्याचं कारण बहुतेक वेळा भाषा असते. पोर वारलीत सुरुवात करतं, तिसऱ्या शब्दाला आपण म्हणतो, "नीट मराठीत सांग." गोष्ट तिथेच आटोपते. सगळ्या आदिवासी भाषा म्हणजे मोडकी मराठी, असा आपला समज असतो. वारली, कोकणा, कातकरी मराठीला जवळच्या आहेत हे खरं. पण गडचिरोलीतली गोंडी आणि माडिया द्राविडी कुळातल्या, म्हणजे नात्याने तेलुगूच्या घरच्या. मेळघाटातली कोरकू तर मुंडारी-संथाळीच्या कुटुंबातली. मेळघाटातल्या धारणीचं कोरकू पोर वाघाला 'कूला' म्हणतं, तेव्हा त्याचं मराठी बिघडलेलं नसतं. यावर उपाय सोपा आहे. पहिल्यांदा गोष्ट घरच्या भाषेत, मध्ये न टोकता होऊ द्या. मग दुसऱ्या मुलांनी ती मराठीत सांगावी. आपल्याला कळली नाही तर तसं म्हणावं. बाईंना शिकवायला मिळालं की पोरं खूश असतात.

दुसरी खोड 'तात्पर्य'. गोष्ट संपली की फळ्यावर हा शब्द लिहून खाली रेघ ओढायची. कणसरी ही वारल्यांची धान्याची देवता. तिची कथा भगत, म्हणजे देवाचं करणारा, घांगळी या तारवाद्याच्या साथीने सांगतो. मी ऐकीव माहितीवर ती सात-आठ मिनिटांत बसवली आणि खाली लिहिलं, 'अन्न वाया घालवू नये.' एक मुलगी म्हणाली, "बाई, ही सांगत नाहीत, गातात." तात्पर्य पुसलं. आता मी एवढंच विचारते: ही कोणाकडून ऐकली? तुमच्या पाड्यात वेगळी सांगतात का? वर्ग पाऊण तास भांडतो.

त्या मुलीने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. प्रत्येक कथा, प्रत्येक गाणं कधीही आणि कोणीही म्हणायचं नसतं. लग्नाची गाणी धवलेरीची. वारल्यांचं लग्न लावणारी तीच. स्नेहसंमेलनात ती गाणी रेकॉर्ड लावून नाचवू नका. चित्रकलेच्या तासाला 'लग्नाचा चौक काढा' हेही तसंच. तो चौक म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, ते लग्नघरात सवाशिणी काढतात, मध्ये पालघट देवी असते. पोरांना शेत, मासेमारी, जत्रा काढू द्या. 2011 मध्ये पद्मश्री मिळालेले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी कागदावर हेच रोजचं जगणं उतरवलं. शंका असेल तर पाड्यातल्या जाणत्यांना विचारा. नाही म्हणाले तर ती गोष्ट सोडून द्या, गोष्टींना तोटा नाही.

9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, पिसांचे मुकुट करून वर्षभर विसरणे, यावर काय लिहायचं!

पण आदिवासी साहित्य म्हणजे फक्त जुन्या कथा, ही चूक चांगले शिक्षकही करतात. भुजंग मेश्राम, वाहरू सोनवणे, उषाकिरण आत्राम या आदिवासी कवींच्या कविता आठवी-नववीच्या वर्गात वाचा. त्यांत राग आहे, प्रश्न आहेत. तो राग मऊ करून सांगू नका.

आता नेहमीच्या अडचणी. आजीला शाळेत बोलावलं, मोबाइल समोर धरला आणि ती गप्प झाली. साहजिक आहे. पहिल्या दोन वेळा नुसतं ऐका, तिसऱ्यांदा विचारून रेकॉर्ड करा. वेळही चुकते: आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत कोणी येणार नाही, आणि दिवाळीनंतर अनेक घरं वीटभट्ट्यांवर जातात. भातकापणी उरकली की मधले थोडे दिवस हाती असतात, ते धरा. शक्य असेल तर आजीच्या ओट्यावरच वर्ग न्या. तारा मोदक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा, म्हणजे गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा, चालवून शाळाच पोरांकडे नेली होती, आपल्याला ओट्यापर्यंत जायला काय हरकत?

पालक म्हणतील, "बाई, गोष्टी घरी आहेत, इंग्रजी शिकवा." त्यांचं म्हणणं खोटं नाही. त्यांना वाद घालून पटत नाही. पोराने स्वतःच्या आजीची गोष्ट त्यांच्यासमोर घडाघडा वाचली की पटतं. त्या गोष्टीची वाचनकार्डं करा.

आणि या गोष्टींचं शाळेचं हस्तलिखित कराल तेव्हा गोष्टीखाली नुसतं 'लोककथा' लिहू नका. तिची हरकत नसेल तर सांगणारीचं नाव, पाडा, तारीख लिहा. एक प्रत तिच्या घरी पोचती करा. तिला वाचता येत नसेल तर नातवाला वाचून दाखवायला सांगा. ती चुका काढेल, त्या दुसऱ्या आवृत्तीत घाला.