धूळ कुठून येते तेच बघितलं नाही! गल्लीतल्या बांधकामात या चुका टाळा

गेल्या वैशाखात इंदूरच्या रामबागेत एका जुन्या घराच्या जागी आमचं तीन मजली काम चालू होतं. शेजारच्या काकूंनी गच्चीवर बोलावलं आणि कुरडया वाळत घातलेली चादर दाखवली. "अरे, दोन किलो गव्हाचा चीक आहे हा. ठेवू का फेकू, तूच सांग." मी ठरलेलं उत्तर दिलं: काकू, आम्ही दिवसातून दोनदा पाणी मारतो. मग चादरीवरची धूळ चिमटीत धरून पाहिली. काळपट, पिठासारखी मऊ. सिमेंट नव्हतं, वीट तर नव्हतीच. ती रस्त्यावरची माती होती, आणि रस्त्यावर तिला आमच्याच पाण्यानं पोचवलं होतं.

इंदूरची काळी माती पाणी प्यायली की टायर सोडत नाही. पाया खोदलेल्या जागी पाइप सोडायचा, त्यावरून मलब्याची ट्रॉली बाहेर काढायची, की पुढची चाळीस पावलं रस्त्यावर चिखलाचे पट्टे. वैशाखाच्या उन्हात ते तासाभरात वाळतात, स्कूटरी त्यांचं पीठ करतात आणि दुपारचा वारा ते गच्चीवर नेऊन टाकतो. म्हणजे जितकं पाणी जास्त, तितकी संध्याकाळी धूळ जास्त. रात्री महापालिकेची मशीन रस्ता झाडून जाते आणि सकाळी दहाच्या आत आम्ही तो पुन्हा माखतो. २०१७ ते २०२३ सलग स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहरात!

उपाय फाटकापाशी आहे. आत मुरूम दाबून त्यावर जाड गिट्टीचा सहा इंचांचा थर टाकायचा, जागा असेल तितका लांब. गाडी त्यावरून हळू बाहेर काढायची, चाकं तिथंच धुवायची आणि ते पाणी खड्ड्यात घ्यायचं, गटारात नाही. गिट्टीच्या फटी मातीनं भरल्या की थर उकरून नवा टाकावा लागतो. हे कुणी करत नाही, मग "गिट्टी टाकली तरी फरक नाही" अशी तक्रार येते. एवढं करूनही रस्त्यावर माती आलीच तर कोरडा झाडू मारू नका. आधी शिंपा, मग खरवडून उचला.

पाण्याची दुसरी चूक म्हणजे ते उशिरा मारणं. भिंत पाडली, ढग उठला, मग पोरगा पाइप घेऊन धावतो. धूळ उडाल्यावर जाड धारेनं ती हाती लागत नाही. बारीक कण मोठ्या थेंबाच्या बाजूनं हवेबरोबर निसटतात. पाडायच्या आधी भिजवा. जुन्या घरांत कवेलूंखाली, म्हणजे कौलांखाली, वर्षानुवर्षांची माती साठलेली असते, भिंतींत चुना असतो. आदल्या संध्याकाळी एकदा आणि सकाळी एकदा भिजवलं तर निम्मं काम झालं. उडालेल्या धुळीसाठी बारीक फवारा देणारं नोझल लावा. मलबा वरून टोपल्यांनी फेकणं तर बंदच करा. बूड कापलेले ड्रम एकात एक अडकवून नळी करा, खालच्या तोंडाला ओलं पोतं बांधा.

हिरव्या जाळीबद्दल थोडं. ती वाऱ्याचा जोर तोडते, बारीक धूळ गाळत नाही. खाली फूटभर फट ठेवून बांधली तर तेवढंही नाही. जमिनीलगत पत्रे लावायलाच हवेत. केंद्राच्या २०१८ च्या नियमांत वारा अडवणाऱ्या आडोशाची उंची इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, जास्तीत जास्त १० मीटर सांगितली आहे. रेती-माती उघडी ठेवणं, रस्त्यावर माल टाकणं आणि उघड्यावर कटर चालवणं यांनाही त्याच नियमांत मनाई आहे. आपल्याकडे चुरीचा, म्हणजे दगडाच्या भुकटीचा, ढीग अर्ध्या गल्लीत असतो आणि त्यावर कुत्रं झोपलेलं असतं.

कटरचं मात्र गंभीर आहे. काँक्रीट, ग्रॅनाइट, टाइल कोरडी कापली की सिलिकाची इतकी बारीक भुकटी उडते की ती फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. वायरिंगसाठी झिरी काढणारा मिस्त्री तोंडाला रुमाल गुंडाळतो. त्या रुमालानं मोठे कण अडतात, घातक तेच आत जातात. पात्यावर पाण्याची धार असलेला कटर वापरा, पण लाइनवर ईएलसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच) असल्याशिवाय नको, ओल्या हातात वीज आहे. भिंतीच्या झिरीला पाणी जमत नसेल तर व्हॅक्यूम जोडलेला कटर भाड्यानं आणा. आणि एन-९५ मास्क, नाकावरची पट्टी दाबून. दाढी असेल तर तो नीट बसत नाही, हे ऐकून मिस्त्री हसतात. हसू द्या, सांगायचं सोडू नका.

तक्रार आली की वाद घालण्याआधी रंग बघा. राखाडी असेल तर काँक्रीट कापणं किंवा चुरी. तांबूस असेल तर विटा. पांढरी असेल तर पुट्टी, पीओपी किंवा जुना चुना. काळपट असेल तर फाटक आणि टायर.

काकूंच्या परवानगीनं मी त्यांच्या गच्चीवर स्टीलचं एक ताट ठेवून दिलं आणि रोज संध्याकाळी ते बघायला लागलो. गिट्टी टाकल्यावर काळपट थर कमी होत गेला. मग फिनिशिंगच्या दिवसांत एकदा ताट पांढरं निघालं. तिसऱ्या मजल्यावर पुट्टी घासत होते आणि पोरांनी गरम होतं म्हणून काकूंच्या बाजूची खिडकी सताड उघडली होती.