जाड कडेचा चौकोन: प्रोसेस डायग्राम नव्याने काढणाऱ्यांसाठी

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मी बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणून लागलो, तेव्हा बीपीएमएनची, म्हणजे कामाची प्रक्रिया आकृतीत मांडायच्या प्रमाण पद्धतीची, चिन्हं मला तोंडपाठ होती. डिचोलीहून पणजी, तिथून मडगावची बस. त्या प्रवासात वहीत गेटवे (वाट फुटते तो चौकट-आकार) आणि लेन (काम कोणाचं ते दाखवणारे पट्टे) काढत बसायचो. तेवढं तुम्हालाही येत असेल, असं धरून चालतो. मी अडकलो ते चिन्हांत नाही.

पहिल्या सहा महिन्यांत मी अकरा प्रक्रिया काढल्या: कच्चा माल, सुटे भाग, प्रवासखर्च, भांडवली खरेदी वगैरे. जवळजवळ प्रत्येकीत मंजुरीचा टप्पा होता. विभागप्रमुख बघणार, रक्कम मोठी असली तर फायनान्स, नाकारलं तर कागद परत. मी त्याची एक सबप्रोसेस, म्हणजे प्रक्रियेतली छोटी प्रक्रिया, केली, आतले टप्पे झाकून तिचा एकच चौकोन केला, आणि खाली अधिकचं चिन्ह असलेला तो चौकोन कॉपी करून अकरा ठिकाणी डकवला. नाव तेच, रंग तोच. एकदा काढलं आणि सगळीकडे वापरलं, याचा मला अभिमान होता.

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात मंजुरीची मर्यादा 50,000 वरून 1,00,000 झाली. मी एका फाइलीत बदल केला आणि बाकीच्या उघडल्या, तर तिथे जुनाच आकडा. घाईघाईत नऊ फाइली दुरुस्त केल्या. भांडवली खरेदीची राहून गेली. सुट्टीनंतर अंतर्गत ऑडिटमध्ये एकाच कंपनीच्या दोन कागदांवर दोन मर्यादा निघाल्या. त्या खोलीतली शांतता मला अजून आठवते.

म्हणून हे नीट समजून घ्या. साध्या सबप्रोसेसचं पोट त्याच डायग्रामच्या आत असतं. तिला वरच्या प्रक्रियेचा डेटा थेट दिसतो, आणि दुसरी प्रक्रिया तिला बोलावू शकत नाही. कॉपी केलीत की नवं पोट तयार होतं, जुन्याशी नातं संपलं. पुनर्वापरासाठी आहे ती कॉल अ‍ॅक्टिव्हिटी, जाड कडेचा चौकोन. त्याच्या आत काही नसतं, फक्त दुसऱ्या प्रक्रियेचा पत्ता असतो. ती प्रक्रिया आपल्या वेगळ्या फाइलीत, स्वतःच्या सुरुवात-शेवटासह राहते. जानेवारी 2011 च्या बीपीएमएन 2.0 मध्ये हा फरक स्पष्ट आहे. नुसती कड जाड काढून भागत नाही, बोलावायच्या प्रक्रियेचा आयडी भरावाच लागतो. खात्री करायची तर मूळ मंजुरीतल्या एका टास्कचं नाव बदला आणि दुसऱ्या डायग्राममधून आत शिरून बघा. जुनंच नाव दिसलं, तर तुम्ही कॉपीच केली आहे.

आत काय पाठवायचं तेही ठरवा. रक्कम, विभाग, मागणी करणारा, एवढं द्या. मंजूर की नामंजूर, एवढं परत घ्या. सगळे व्हेरिएबल, म्हणजे प्रक्रियेतली माहितीची खाती, सरसकट आत लोटलेत, तर मंजुरी खरेदीच्या नावांवर विसंबून राहते आणि प्रवासखर्चाला ती वापरता येत नाही. कामुंडासारखं इंजिन, म्हणजे डायग्राम प्रत्यक्ष चालवणारं सॉफ्टवेअर, असेल, तर आवृत्तीची सेटिंगही बघा. वेगळं सांगितलं नाही तर ते बोलावलेल्या प्रक्रियेची सर्वांत नवी आवृत्ती चालवतं. म्हणजे आधीच सुरू झालेली ऑर्डर मंजुरीपाशी नंतर पोचली, तर तिला नवा नियम लागेल. ते चालेल का, हे फायनान्सला विचारा, स्वतः ठरवू नका.

आणि तो आकडा गेटवेच्या बाणावर लिहूच नका. तो डीएमएनच्या, म्हणजे नियम मांडायच्या प्रमाण पद्धतीच्या, निर्णय-तक्त्यात ठेवा आणि बिझनेस रूल टास्कमधून, म्हणजे तो तक्ता विचारणाऱ्या टप्प्यातून, वाचा. मर्यादा बदलली तर डायग्रामला हात लावावा लागत नाही.

आता उलटा धोका. हे कळल्यावर मी दिसेल ते वेगळं काढायला लागलो. स्टोअरमधली मालाची तपासणी आणि कंत्राटदाराच्या कामाची तपासणी मला सारखीच दिसली, म्हणून एक केली. दोन महिन्यांत क्वालिटीने आपली पद्धत बदलली आणि कंत्राटांचं काम अडलं. तेव्हापासून मी एकच विचारतो: बदल कोण सांगणार? माणूस एकच असेल तर प्रक्रिया एक, दोन असतील तर दोन, दिसायला कितीही सारख्या असोत.

लेनला माणसाचं नाव नको, पदाचं द्या. टास्कच्या नावात क्रियापद हवं. यावर जास्त वेळ घालवू नका.

इंटरनेटवरचे तयार टेम्प्लेट पहिलं वर्ष तरी वापरू नका, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्याची रचना घेऊन आपली प्रक्रिया समजत नाही. आणि ‘छान आहे’ म्हणून पुढे जाणाऱ्या वरिष्ठाकडून काही शिकायला मिळत नाही. मला घडवलं ते निवृत्तीला आलेल्या एका साहेबांनी. प्रत्येक डायग्रामवर ते एवढंच विचारायचे, “हा नियम बदलला तर किती फाइली उघडशील?” असं माणूस सापडलं तर त्याच्या शेजारी बसा.

तुमच्याकडे आधीच कॉपी झालेल्या फाइली असतील, तर घाबरू नका. एका रात्रीत सगळं बदलायला जाऊ नका, त्यातून नव्या चुका होतात. मंजुरीची एक स्वच्छ प्रक्रिया करा, आणि ज्या फाइलीत काही ना काही बदल येईल, त्या वेळी तिथला चौकोन काढून जाड कडेचा बसवा. मला अकरा फाइलींना चार महिने लागले. भांडवली खरेदीची तेवढी मी बदलाची वाट न बघता पहिल्याच दिवशी घेतली.