डोक्याभोवती वेणी: सगळं जमतं ते कानामागच्या वळणावर

केस पुरेसे लांब आहेत का, हे आधी बघा. एका बाजूची वेणी घालून डोक्यावरून पलीकडे न्या. पलीकडच्या कानापर्यंत पोचली की लांबी पुरेशी आहे. नुकतेच धुतलेले केस घेऊ नका. ते सुळसुळीत असतात, पिना धरत नाहीत. आदल्या दिवशी धुतलेले उत्तम, आणि तेल अगदी बोटाला लागेल एवढंच.

कपाळापासून मानेपर्यंत मधोमध भांग पाडा. मानेवर तो सरळ न पाडता नागमोडी पाडा, म्हणजे मागून पांढरी रेघ दिसत नाही. आता दोन बाजूंना दोन वेण्या.

खरी अडचण इथे आहे. "दोन साध्या वेण्या घाला आणि वर गुंडाळा" असं जिथे तिथे सांगितलेलं असतं. तसं करू नका. खाली लोंबती घातलेली वेणी वर उचलली की मुळाशी ढिली पडते आणि कानामागे केसांचा फुगा येतो. मग तो दाबायला पिनांवर पिना खोचल्या जातात, डोकं ठणकतं आणि फुगा तसाच राहतो. मलाही हे वळण फार दिवस जमत नव्हतं. उपाय पिनांमध्ये नाहीच, तो वेणी घालण्याच्या दिशेत आहे.

वेणी जिकडे जायची, तिकडेच ओढून घाला. एका बाजूचे सगळे केस मानेवरून विंचरून कानाच्या मागे, थोडे वर आणा. तिथेच तीन पेड करा आणि पहिल्या गुंफणीपासून हात कपाळाच्या दिशेने ठेवा. कोपर वर राहील, हात भरून येईल, तरी खाली सोडू नका. पहिल्या तीन-चार गुंफणी घट्ट, पुढच्या सैल. कानाच्या वरपर्यंत आलात की हात काढून बघा. वेणीचं मूळ वर-पुढे वळलेलं दिसलं तर बरोबर, सरळ खांद्याकडे लोंबलं तर सोडा आणि पुन्हा घाला. इथली दोन मिनिटं वाचवू नका.

अख्खी वेणी करकचून घालण्याचा सल्ला मला मुळीच मान्य नाही. कपाळाजवळचे केस सतत ओढले गेले की तिथे विरळ होतात. केस पातळ असतील तर वेणीच्या कडा टोकाकडून मुळाकडे हलकेच ओढून ती रुंद करा, किंवा पेडांबरोबर रिबीन गुंफा. मेक्सिकोच्या चित्रकार फ्रीडा काहलो डोक्यावरच्या वेण्यांत रिबिनी गुंफत, फुलं माळत. त्यांची छायाचित्रं बघितली की वेणीला किती भरीवपणा येतो ते कळतं.

पहिली वेणी कपाळाच्या केसांपासून दोन बोटं मागे ठेवून पलीकडे न्या. अगदी पुढे ठेवली तर तासाभरात घसरते. दुसरी तिच्या लगत मागे. प्रत्येक वेणीचं टोक दुसऱ्या वेणीखाली दडवा, रबरासकट.

पिन वेणीच्या मधून वरून खुपसू नका. काळ्या पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे हवी. आकडा (इंग्रजी U सारखी उघडी पिन) वापरत असाल तर आधी वेणीची आतली कड आणि खालचे थोडे केस त्यात पकडा, मग तो उलटा फिरवून वेणीखाली सरकवा. नीट बसलेला आकडा दिसत नाही, टोचतही नाही. खाली वाकून डोकं हलवा. जिथे हलेल तिथेच आणखी एक लावा. स्प्रेची गरज नाही.

गजरा माळायचा असेल तर दोन वेण्यांच्या मधल्या खाचेत, शेवटी. सोडताना आधी सगळ्या पिना काढा, मगच रबर. उलट केलंत तर सुटलेल्या केसांत पिना अडकतात आणि त्या ओढताना केस तुटतात.